सीमेच्या अलीकडची गाणी

डेट्रॉइट आणि विंडसर या दोन शहरांच्या मधून एक नदी वाहते. एका काठावर अमेरिका, दुसऱ्या काठावर कॅनडा. वरून पूल आहे, पाण्याखालून बोगदा आहे. नव्वदच्या दशकात ‘द ट्रॅजिकली हिप’ हा कॅनडाचा रॉक बँड डेट्रॉइटला वाजवायला आला की सभागृह भरायचं, पण त्यातले पुष्कळ जण नदीपलीकडून सीमा ओलांडून आलेले असायचे. बँड परदेशात आणि समोर उभी माणसं घरचीच. २३ नोव्हेंबर १९९६ च्या रात्री तिथल्या कोबो अरीनात झालेला कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाला आणि पुढच्या वर्षी ‘लाइव्ह बिट्वीन अस’ या नावाने बाजारात आला. मी तो हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकला आहे. गायक एखादी ओळ अर्ध्यात सोडतो आणि हजारो माणसं ती उचलतात. ती माणसं टाळ्या देत नाहीत, साक्ष देतात, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

सोलापुरात वाढलेल्या माणसाला सीमा हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. आमच्या शहराच्या बाहेर पडून थोडं दक्षिणेला गेलं की पाट्यांची लिपी बदलते. पूर्व भागात तेलुगू, बाजारात कन्नड, शाळेत मराठी, आणि घरी ज्याची जी असेल ती. अमुक गाणं इकडे चालतं आणि पन्नास मैलांवर कुणाला ठाऊकही नसतं, हे आम्ही लहानपणापासून बघत आलोय. त्यामुळे एका देशाने डोक्यावर घेतलेला आणि उरलेल्या जगाने जवळजवळ न ऐकलेला बँड, ही गोष्ट कळली तेव्हा मला तिचं नवल कमी आणि जवळीक जास्त वाटली.

मला हा बँड दिला तो माझ्या वर्गमित्राने. साखर पेठेतला मुलगा, घरात यंत्रमाग, त्या खडखडाटात अभ्यास करून इंजिनिअर झालेला. पुढे शिकायला म्हणून किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात गेला आणि तिकडचाच झाला. किंग्स्टन हे ओंटारिओ प्रांतातलं, सरोवराच्या काठचं, चुनखडीच्या दगडी इमारतींचं जुनं शहर. १९८४ मध्ये हा बँड तिथेच जन्मला. गॉर्ड डाउनी गायचा आणि गाणी लिहायचा. रॉब बेकर आणि पॉल लँगलॉ गिटारवर, गॉर्ड सिंक्लेअर बेसवर, जॉनी फे ड्रमवर. बेकर आणि सिंक्लेअर तर एकाच गल्लीत समोरासमोर वाढलेले. सुरुवातीची दोन वर्षं सोडली तर याच पाच जणांनी शेवटपर्यंत वाजवलं. तीस वर्षं पाच माणसं एकत्र टिकणं ही कुठल्याही धंद्यात सोपी गोष्ट नाही, संगीतात तर नाहीच.

मित्र फोनवर म्हणाला होता, “इथं कुणाच्याही गाडीत बस, ही गाणी असतातच बे. नि बाहेर कुणाला विचार, नावसुद्धा माहीत नाही.” बाहेर म्हणजे अमेरिकेत.

आकडे त्याच्या म्हणण्याला दुजोरा देतात. ‘अप टू हिअर’ (१९८९) आणि ‘फुली कम्प्लीटली’ (१९९२) या दोन अल्बमच्या कॅनडात प्रत्येकी दहा लाखांहून अधिक प्रती गेल्या. तीन-साडेतीन कोटींचा तो देश, हे लक्षात घेतलं की त्या आकड्याचं वजन कळतं. दक्षिणेकडे मात्र सगळं प्रयत्नांवरच थांबलं. २५ मार्च १९९५ ला ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकेतल्या गाजलेल्या कार्यक्रमात त्यांना संधी मिळाली. मूळचा कॅनडाचा नट डॅन अ‍ॅक्रॉइड याने मोठ्या कौतुकाने त्यांची ओळख करून दिली. त्यांनी दोन गाणी वाजवली, उत्तम वाजवली. आणि दुसऱ्या दिवशी अमेरिका आपल्या कामाला लागली.

या बँडबद्दल लिहिणारे वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारत राहिले: अमेरिकेत का चालले नाहीत? तो प्रश्न वाचला की माझं डोकं फिरतं, कारण तो मी माझ्या शहरात रोज ऐकतो. सोलापूरच्या नटाला, गायकाला, चित्रकाराला पहिलं काय विचारतात? पुण्यात प्रयोग झाला का? मुंबईत कुणी घेतलं का? इथलं नाट्यगृह, हुतात्मा स्मृती मंदिर, भरून गेलं असेल, लोक जिन्यात बसले असतील, ते मोजायचं नाही. मोजायचं काय, तर आपल्याला न ओळखणाऱ्यांनी ओळखलं की नाही. घरच्यांनी दिलेली दाद ही दाद नसते, असं आपण कधी ठरवून टाकलं?

घरी एवढं प्रेम का मिळालं, याची कारणं मात्र शोधण्यासारखी आहेत. एक अगदी सरकारी आहे. १९७१ पासून कॅनडात नियम आहे की रेडिओवर ठरावीक वाटा देशातल्या संगीताचा असलाच पाहिजे. आधी तो ३० टक्के होता, १९९९ पासून लोकप्रिय संगीतासाठी ३५ टक्के झाला. शेजारी अमेरिकेसारखा अजस्र देश, त्याची गाणी विनासायास घरात शिरणार. त्यांच्यापुढे आपल्या पोरांना निदान वाजायला जागा मिळावी, हा हेतू. या नियमाला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मला तो शहाणपणाचा वाटतो. पण रेडिओ जागा देऊ शकतो, माया देऊ शकत नाही. नियमामुळे वाजलेली शेकडो गाणी आज कुणाला आठवत नाहीत.

दुसरं कारण रस्त्याचं. कॅनडात एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं म्हणजे दिवसदिवस गाडी हाकायची, त्यात बर्फ. हा बँड सुरुवातीची वर्षं बारमध्ये, कॉलेजच्या हॉलमध्ये, बर्फावरच्या हॉकीसाठी बांधलेल्या लहान लहान स्टेडियममध्ये वाजवत देशभर फिरला. पुढे मोठा झाल्यावर उन्हाळ्यात ‘अनदर रोडसाइड अ‍ॅट्रॅक्शन’ नावाचा फिरता महोत्सव काढून दुसऱ्या बँडनाही बरोबर घेऊन गेला. आपल्या दारात येऊन वाजवलेलं माणूस विसरत नाही.

आणि प्रत्यक्ष कार्यक्रमात तो डाउनी काय करायचा! ‘न्यू ऑर्लिन्स इज सिंकिंग’ हे त्यांचं सुरुवातीचं गाणं. त्याच्या मधल्या भागात बाकीचे चौघे एकाच लयीवर घोटत राहायचे आणि डाउनी बोलायला लागायचा. ठरवलेलं काही नाही. डोळे कुठेतरी लागलेले, हातातला रुमाल कपाळावर, मायक्रोफोनचा स्टँड कधी वल्ह्यासारखा धरलेला तर कधी नाचात जोडीदार केलेला. १९९१ मध्ये लॉस एंजेलिसच्या रॉक्सी क्लबमध्ये त्याने त्या जागेत, आपण किलर व्हेलच्या टाकीत नोकरीला होतो, अशी एक लांबलचक कहाणी रचली. श्रोत्यांनी ती टेपवरून टेपवर उतरवून कॅनडाभर पोचवली. पुढच्या कार्यक्रमाला लोक त्याच कहाणीची वाट बघायचे आणि तो दुसरंच काही सांगायचा. ‘नॉटिकल डिझास्टर’ हे गाणं असंच आधी या मधल्या जागेत श्रोत्यांसमोर घडत गेलं आणि नंतर १९९४ च्या अल्बममध्ये आलं. म्हणजे रेकॉर्ड विकत घेणाऱ्याच्या आधी ते गाणं कार्यक्रमाला गेलेल्यांना माहीत होतं. ज्याने रोपटं लावताना पाहिलं, त्याचा त्या झाडावर हक्क वेगळाच असतो. हे लोक पुन्हा पुन्हा का जायचे, याचं उत्तर मला इथे मिळतं.

पण मुख्य गोष्ट नावांची. हा माणूस गाण्यात गावांची नावं घ्यायचा. अमेरिकन गाण्यांतून मेम्फिस, शिकागो, कॅलिफोर्निया ऐकत मोठ्या झालेल्या कॅनेडियन मुलांनी रॉकच्या गाण्यात आपल्या प्रांतातल्या साध्या गावांची नावं क्वचितच ऐकली असतील. ‘बॉबकेजन’ या गाण्याच्या नावाचं गाव ओंटारिओत आहे, तळ्याकाठचं, काही हजार वस्तीचं. १९९८ च्या अल्बममधलं ते गाणं. पुढे २०११ मध्ये बँड खरोखरच त्या गावात जाऊन वाजवून आला आणि चिमुकल्या गावात हजारोंची गर्दी लोटली. ज्या क्षणी गावाचं नाव गाण्यात येतं, त्या क्षणी उठलेला आवाज एका माहितीपटात ऐकायला मिळतो. मी तो भाग थांबवून मागे नेऊन परत ऐकला. माझ्या शहराचं नाव एखाद्या गाण्यात असं कधी आलं तर मी काय करेन, हे मला अजून नीट सांगता येणार नाही.

‘फिफ्टी मिशन कॅप’ या गाण्याची कथा मात्र सविस्तर सांगायलाच हवी. बिल बारिल्को हा टोरंटो मेपल लीफ्स या आइस हॉकी संघाचा बचावपटू. २१ एप्रिल १९५१ ला, जादा वेळेत त्याने मॉन्ट्रियलविरुद्ध गोल मारला आणि संघाला स्टॅन्ली कप जिंकून दिला. चोवीस वर्षांचा पोरगा. त्याच उन्हाळ्यात तो एका दंतवैद्य मित्राबरोबर छोट्या विमानातून उत्तरेकडे मासेमारीला गेला आणि दोघंही विमानासकट नाहीसे झाले. मोठी शोधमोहीम निघाली, पण काही सापडलं नाही. त्यानंतर त्या संघाला कपही मिळेना. १९५२ गेलं, १९५५ गेलं, १९६० गेलं. १९६२ च्या एप्रिलमध्ये शेवटी संघ जिंकला, आणि काही आठवड्यांनी, जूनमध्ये, ओंटारिओच्या उत्तरेकडच्या जंगलात विमानाचे अवशेष आणि दोघांचे सांगाडे सापडले. डाउनीने ही गोष्ट हॉकीपटूंची चित्रं असलेल्या एका कार्डाच्या मागे वाचली होती. गाण्यात तो तेच सांगतो, आपण हे कार्डावरून उचललंय, असं म्हणून. १९९२ मध्ये गाणं आलं आणि चाळीस वर्षांपूर्वी मेलेल्या खेळाडूचं नाव पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या तोंडी बसलं. आज टोरंटोत बारिल्कोची आठवण निघाली की गाण्याचीही निघते.

त्याच अल्बममधलं, म्हणजे ‘फुली कम्प्लीटली’मधलं, ‘व्हीट किंग्ज’ याहून अवघड आहे. ससकाटूनमध्ये १९६९ साली एका परिचारिकेचा खून झाला आणि डेव्हिड मिलगार्ड या तरुणाला जन्मठेप झाली. त्याची आई त्याच्यासाठी वर्षानुवर्षं दारं ठोठावत राहिली. तेवीस वर्षं आत काढून तो १९९२ मध्ये सुटला, आणि १९९७ मध्ये डीएनए तपासणीने तो निर्दोष असल्याचं सिद्ध झालं. गाणं सुटकेच्या वर्षीच आलं. शांत, जवळजवळ अंगाईसारखी चाल आहे, आणि त्या चालीत देशाच्या न्यायव्यवस्थेला लाज वाटावी असा मजकूर आहे. कार्यक्रमात लोक गिटारचे पहिले सूर ऐकून जल्लोष करतात आणि मग अख्खं सभागृह ते शांतपणे गातं.

म्हणजे गावाची नावं घेणं ही नुसती गोंजारणी नव्हती. हा माणूस घरच्यांचं कौतुक करतोय म्हणून घरचे त्याच्यावर खूश, एवढंच ते नातं असतं तर मी इतकं लिहायला बसलो नसतो.

२४ मे २०१६ ला बँडने जाहीर केलं की डाउनीला मेंदूचा कर्करोग आहे, ग्लायोब्लास्टोमा, बरा न होणारा. आणि त्याच निवेदनात सांगितलं की तरीही आम्ही दौरा करणार आहोत. शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमोथेरपी सगळं झालं होतं. स्मरणशक्तीवर परिणाम झाला होता. स्वतः लिहिलेल्या ओळी आठवेनात म्हणून स्टेजवर चोहीकडे पडदे लावून शब्द दाखवायचे ठरलं. दहा शहरं, पंधरा कार्यक्रम, व्हिक्टोरियापासून किंग्स्टनपर्यंत.

तिकिटं विक्रीला आली आणि बघता बघता संपली. संगणकाचे बॉट, म्हणजे आपोआप खरेदी करणारे प्रोग्रॅम, लावून दलालांनी ती घाऊक उचलली आणि अव्वाच्या सव्वा भावाला परत विकायला काढली. मरणाच्या दारातल्या माणसाच्या निरोपाच्या तिकिटांचा काळाबाजार! लोक इतके खवळले की प्रकरण ओंटारिओच्या सरकारपर्यंत गेलं. सरकारने लोकांची मतं मागवली आणि २०१७ मध्ये तिकीटविक्रीचा नवा कायदा आला, त्यात बॉट वापरायला बंदी घातली गेली. रॉक बँडच्या चाहत्यांच्या संतापातून कायदा झाल्याचं मला तरी दुसरं उदाहरण आठवत नाही.

शेवटचा कार्यक्रम २० ऑगस्ट २०१६ ला किंग्स्टनलाच. सीबीसी या तिथल्या सार्वजनिक वाहिनीने ऑलिम्पिकचं प्रक्षेपण चालू असताना ते बाजूला ठेवलं आणि हा कार्यक्रम जाहिरातींशिवाय देशभर दाखवला. आत साडेसहा हजारांच्या आसपास माणसं. बाहेर शहराच्या मध्यावरच्या स्प्रिंगर मार्केट स्क्वेअर आणि आसपासच्या रस्त्यांवर मोठ्या पडद्यांसमोर जवळपास २५ हजार. देशभर बागांमधून, चौकांमधून, घरामागच्या अंगणांमधून शेकडो ठिकाणी लोक जमलेले. एकूण एक कोटी सतरा लाख लोकांनी तो पाहिला किंवा ऐकला, म्हणजे देशातल्या दर तिघांतला एक.

माझा मित्र त्या चौकात उभा होता. मी सोलापुरात. तिकडे शनिवारची रात्र, आमच्याकडे रविवारची पहाट उजाडलेली. इंटरनेटवरून थेट दाखवत होते. पुढच्या खोलीत लॅपटॉप लावून बसलो. चित्र मधेच अडकायचं, मग पळायचं. आई चहा घेऊन आली आणि पडद्यावरचा माणूस बघून तिथेच खुर्चीवर टेकली. चकचकीत धातूच्या रंगाचा सूट, पिसं खोवलेली टोपी, गळ्याला गुंडाळलेलं कापड. “बरं नाही का रे त्याला?” तिने विचारलं. मी सांगितलं. मग ती उठली नाही. इंग्रजी एक शब्द कळत नसताना दोन तास बघत राहिली. गाण्यांच्या मधे डाउनी बँडमधल्या प्रत्येकाला मिठी मारायचा, ओठांवर मुका घ्यायचा. “भाऊ-भाऊ आहेत का हे?” मी म्हटलं, शाळेपासूनचे आहेत. तिने मान हलवली, जणू ते एकच झालं.

‘ग्रेस, टू’ च्या शेवटी तो कोसळला. शब्द संपले होते, बाकीचे वाजवत होते, आणि तो तोंड वाकडं करून रडत होता, मग ओरडला. शब्द नव्हता त्यात कुठला. नंतर तो उभा राहिला, डोळे पुसले आणि पुढचं गाणं घेतलं. आई म्हणाली, “देवा.” तीस गाणी झाली. शेवटचं होतं ‘अहेड बाय अ सेंच्युरी’. मग गिटारी खाली ठेवून पाचही जण गेले.

मित्राचा फोन आला तेव्हा त्याच्याकडे मध्यरात्र उलटली होती. घसा बसलेला. म्हणाला, “गड्ड्याला नंदीध्वज निघतात ना, तसं वाटलं बे. कुणी कुणाला ओळखत नाही आणि सगळे घरचे.” सोलापूरबाहेरच्यांसाठी एवढंच सांगतो: संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, सात नंदीध्वज निघतात, बाराबंदी घातलेली माणसं ते उंच काठीचे ध्वज पेलत शहरभर फिरतात आणि पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेला सोलापूरकर त्या दिवसांत काहीही करून परत येतो. वर्षानुवर्षं परदेशात असलेल्या पोराला एका इंग्रजी रॉक बँडच्या गर्दीत ते आठवावं, यावर मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच.

पण त्या कार्यक्रमातली एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली आहे, आणि ती गाण्यातली नाही. तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो श्रोत्यांत उभे होते. दोन गाण्यांच्या मधे डाउनी त्यांच्याबद्दल बोलला. उत्तरेत जे घडलं ते हा माणूस मार्गी लावेल, त्याला त्या लोकांची काळजी आहे, असं म्हणाला. आणि म्हणाला की उत्तरेतल्या त्या लोकांकडे दुर्लक्ष करायला आपल्याला आयुष्यभर शिकवलं गेलं आहे. उत्तरेतले म्हणजे मूळ रहिवासी. एक कोटी सतरा लाख लोकांसमोर, प्रेमाने चिंब झालेल्या क्षणी, बोलणंही जड जात असलेल्या माणसाने देशाच्या प्रमुखाला सगळ्यांदेखत बांधून घेतलं. ते प्रेम त्याने स्वतःसाठी खर्च केलं नाही.

दोन महिन्यांनी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, ‘सीक्रेट पाथ’ हा त्याचा स्वतःचा अल्बम आला, जेफ लेमिअर यांनी काढलेल्या चित्रकथेसह. विषय चेनी वेंजॅक. ओजिबवे जमातीचा बारा वर्षांचा मुलगा. मूळ रहिवाशांच्या मुलांना आईवडलांपासून तोडून, भाषा आणि रीतिरिवाज विसरायला लावणाऱ्या निवासी शाळा कॅनडात शंभराहून अधिक वर्षं चालल्या. केनोरा इथल्या अशाच शाळेतून चेनी ऑक्टोबर १९६६ मध्ये पळाला. घर सहाशे किलोमीटरवर. रेल्वेचे रूळ धरून चालत राहिला. अंगात पातळ सुती जाकीट, खिशात झाकणाची एक छोटी काचेची बरणी, तिच्यात आगपेटीच्या काही काड्या. भूक आणि थंडी यांनी तो रुळांशेजारी मेला. शाळेने त्याचं नावसुद्धा बदलून चार्ली करून टाकलं होतं. जो माणूस आयुष्यभर गावांची आणि खेळाडूंची नावं गाण्यात घेत आला, त्याने हातात असलेले शेवटचे महिने देशाने न घेतलेल्या एका नावासाठी दिले. डाउनी १७ ऑक्टोबर २०१७ ला गेला. त्रेपन्न वर्षांचा होता.

हे परक्याला जमलं नसतं. अमेरिकेत गाजलेला, जगभर फिरणारा एखादा तारा येऊन कॅनडाला हे सांगता तर लोकांनी टाळ्या वाजवून सोडून दिलं असतं, नाहीतर तुझं तू बघ म्हटलं असतं. बारिल्कोचं गाणं देणाऱ्याने सांगितलं म्हणून ते ऐकावं लागलं. अमेरिकेत का चालले नाहीत, असं विचारणाऱ्यांना मी हे सांगेन: घरच्यांना घरच्या माणसानेच सुनवायचं असतं, आणि त्यासाठी आधी तीस वर्षं घरचं व्हावं लागतं.

त्या रविवारनंतर मी जास्त विचार केला तो सोलापूरचाच. आम्ही काही नावं अभिमानाने घेतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा: १९३० मध्ये इंग्रजांनी शहरावर लादलेल्या मार्शल लॉनंतर, म्हणजे लष्करी अंमलानंतर, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले चार हुतात्मे. शाळेतल्या पोराला ही नावं पाठ असतात, असायलाच हवीत. पण याच शहरात ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आहे. आम्ही रिक्षावाल्याला सहज सांगतो, सेटलमेंटला सोड. गुन्हेगार जमाती कायद्याखाली इंग्रजांनी कैकाडी, पारधी, टकारी आणि अशा कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून इथे तारेच्या कुंपणात ठेवलं, त्याचं ते नाव. मुंबई इलाख्यातल्या मोठ्या वसाहतींपैकी ही एक. माणसांना ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागायची, परवानगीशिवाय बाहेर जाता यायचं नाही, आणि शहरातल्या गिरण्यांत त्यांच्या हातांनी सूत निघायचं. देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षं कुंपण होतं. कायदा रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला. त्या जमाती हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. उरलेल्या सोलापूरला त्याची तारीख माहीत नसते. शाळेत मार्शल लॉवर निबंध लिहिणाऱ्या माझ्या वर्गात सेटलमेंटची मुलं होती, आणि त्यांच्या आजोबांबद्दल आम्हाला कुणी एक ओळ शिकवली नाही. दुर्लक्ष करायला शिकवलं गेलं, हे डाउनीचं म्हणणं मला तिथे, पुढच्या खोलीत, चहा निवत असताना कळलं.

चार हुतात्म्यांवर पोवाडे झाले. कुंपणावर झालाय का? मी शोधतो आहे. सेटलमेंटमधल्या म्हाताऱ्या बायका ओव्या म्हणायच्या, त्यांत हजेरीचा भोंगा होता, गिरणीची पाळी होती, असं तिथल्या एका मित्राच्या आईने मला सांगितलं, पण तिला स्वतःला ओळी आठवेनात. आता त्याच भागातली पोरं मोबाइलवर बीट लावून रॅप करतात, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये म्हणतात, आणि त्यांत सोलापुरी ‘बे’ ठासून भरलेला असतो. त्यांतल्या एका पोराला मी बारिल्कोची आणि चेनीची गोष्ट सांगितली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आमच्या पणज्याचं नाव रजिस्टरात असेल का हो? हजेरीच्या?” तुरुंग आणि पोलीस खात्याची जुनी दप्तरं पुराभिलेखागारात जातात, अर्ज करून बघता येतात. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं तो अर्ज लिहायला बसणार आहोत.